अर्थ शोधून देणाऱ्या वायरमन मामांस

आदरणीय मामा,

स. न. वि. वि.

गेल्या जुलैमध्ये भर पावसात आंबोली घाट चढून रात्री साडेआठच्या सुमारास आजऱ्यात पोहोचलेली, एकाच दिव्यावर रखडत आलेली हिरवी जीप आपल्याला आठवत असेल. आपण दुकानाचे शटर अर्धे खाली ओढले होते आणि ते पुन्हा वर करण्याचे आपल्याला काहीही कारण नव्हते. त्या रात्री कोल्हापूर गाठण्याच्या घाईत आपले आभार नीट मानायचे राहून गेले, म्हणून हे पत्र. ते सर्वांना वाचता येईल असे लिहितो आहे, कारण माझ्यासारखे केवळ बल्ब बदलत बसलेले जुन्या जीपचे मालक पुष्कळ आहेत आणि आपण त्या दोन-अडीच तासांत जे दाखवले ते त्यांच्याही उपयोगी पडेल.

गाडी १९७८ सालची. विलिजच्या सीजे-३बी या १९५३ साली आलेल्या उंच बॉनेटच्या नमुन्यावर महिंद्राने इथे बांधलेली ही जीप माझ्या वडिलांनी सरकारी लिलावात घेतली होती. दिवे सात इंची गोल, अपर-डिपर (दूरचा आणि जवळचा झोत) पायाने दाबायच्या बटणावर, आणि सगळे वायरिंग हाताच्या बोटांवर मोजता येईल इतके. एवढ्या साध्या गाडीत दिव्यांचा दोष सापडायला तीन महिने लागावेत, याची मला आता लाज वाटते. डावा दिवा कधी पिवळट जळे, कधी जवळजवळ विझे आणि एखाद्या खड्ड्यात गाडी आदळली की पुन्हा लख्ख होई. मी चार बल्ब बदलले. शेवटी एका दुकानदाराच्या सल्ल्याने नेहमीचे ६०/५५ वॅटचे बल्ब काढून १००/९० वॅटचे बसवले. दोन दिवस उजेड वाढल्याचा भास झाला आणि तिसऱ्या दिवशी होल्डरचे प्लॅस्टिक वितळल्याचा वास आला. हिशेब सोपा होता, पण तो मी केलाच नव्हता. बारा व्होल्टवर ६० वॅटचे दोन दिवे मिळून १० अँपिअर ओढतात, तर १०० वॅटचे दोन सोळा-सतरा, आणि तेही चाळीस वर्षांहून जुन्या त्याच वायरीतून व त्याच पायाच्या बटणातून.

आपण मात्र बल्बला हातच लावला नाही. मला डिपर लावायला सांगून आपण पुढे जाण्याऐवजी माझ्या शेजारी येऊन बसलात आणि स्पीडोमीटरकडे बोट दाखवून विचारलेत, "ही अपरची बत्ती का मिणमिणाय लागलीया? गाडी डिपरवर हाय न्हवं?" ती एवढीशी बत्ती मी तीन महिने पाहत होतो. जुनी गाडी आहे, चालायचेच, असे म्हणून मी ती सोडून दिली होती. त्यानंतर आपण मला उजव्या दिव्यासमोर वाकवून काचेतून आत बघायला लावलेत. डिपरची तार नेहमीसारखी पांढरी जळत होती आणि तिच्या शेजारी अपरची तार विझत्या निखाऱ्यासारखी तांबूस दिसत होती. दोष डाव्या दिव्यात आणि त्याची खूण उजव्या दिव्यात, हे मला काही केल्या उलगडेना.

आपण ते पावसाच्या पाण्यावरून समजावलेत, ते मी माझ्या शब्दांत लिहितो. डाव्या दिव्यातून गेलेल्या करंटला बॉडीतून, म्हणजे अर्थमधून, बॅटरीकडे परत जायचे असते. ती वाट बंद झाली की तो तुंबत नाही, दुसरी वाट काढतो. डाव्या बल्बमध्ये अपर आणि डिपर या दोन्ही तारांचे एक टोक सामाईक असते, म्हणून डिपरच्या तारेतून आलेला करंट अपरच्या तारेतून उलटा मागे गेला, अपरच्या वायरीत शिरला, वाटेत मीटरमधली बत्ती पेटवली आणि उजव्या दिव्याच्या अपरच्या तारेतून अर्थला जाऊन मिळाला. एका तारेला मिळायचे व्होल्टेज तीन तारांत वाटले गेल्यामुळे डावा दिवा पिवळट, उजवी तार तांबूस आणि बत्ती मिणमिणती. सगळ्या लक्षणांचे मूळ एक. वायरिंगमधला हा ‘अर्थ’ आणि आपल्या नेहमीच्या बोलण्यातला ‘अर्थ’ मराठीत एकाच अक्षरांनी लिहिला जातो, हे त्या रात्री मला फार समर्पक वाटले.

आणखी एक गोष्ट मी विसरणार नाही. मी मोठ्या ऐटीत माझा मल्टिमीटर पुढे केला आणि डाव्या होल्डरपर्यंत बारा व्होल्ट पोहोचत असल्याचे आपल्याला दाखवले. आपण हसलात, आणि इंडिकेटरच्या २१ वॅटच्या बल्बला दोन वायरी डकवून केलेला आपला टेस्ट लॅम्प बाहेर काढलात. मल्टिमीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे वायरीचा एकच धागा शाबूत असला तरी तो पूर्ण बारा दाखवतो; बल्ब मात्र भार घेतो आणि कमजोर जोड तिथल्या तिथे उघडा पाडतो. आपला लॅम्प होल्डरच्या पिनेपासून बॉनेटखालच्या ग्रीलच्या पत्र्यापर्यंत लावला तर मंद जळे आणि तेच टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवले की झगझगीत. मग दिवे चालू ठेवूनच आपण माझ्या मल्टिमीटरलाही काम दिलेत: एक टोक डाव्या दिव्याच्या अर्थच्या पिनेवर, दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हवर. जिथे शून्याच्या आसपास आकडा यायला हवा, तिथे जवळजवळ ८ व्होल्ट. आपण ग्रीलला गुडघ्याने रेटा दिलात, आकडा झरकन खाली आला आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचा गोल उमटला.

दोष कुणाचा, हे इथे कबूल केले पाहिजे. आदल्या वर्षी मी हौसेने गाडीला रंग दिला होता. ग्रील सोडवून, आतून-बाहेरून रंगवून, बोल्टांखाली नवे रबरी वायसर घालून मी स्वतः ते परत बसवले होते. डाव्या दिव्याचा अर्थ त्या ग्रीलमधून, त्या बोल्टांतून चेसिसला जात होता आणि मी तो रंगाने व रबराने जवळजवळ बंद केला होता. एका बोल्टाचा आटा कुठेतरी टेकत होता, तेवढ्यावर तीन महिने निभावले. बोल्ट सोडवताना आपण एवढेच म्हणालात, "रंग लई झ्याक बसलाय, त्येच दुखणं हाय."

पुढचे काम आपण केलेत तसे मी नुसते पाहत राहिलो असतो, पण आपण प्रत्येक जोड माझ्याकडून करून घेतलात. दोन्ही दिव्यांच्या अर्थला स्वतंत्र काळ्या वायरी, त्या चेसिसवर पॉलिश पेपरने चकचकीत घासलेल्या जागी थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) लावून पक्क्या, आणि वरून ग्रीसचा हात. पायाचे बटण उघडले तेव्हा आत चिखल वाळून वीट झालेली होती आणि तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा थर चढला होता. ओढ्या-नाल्यांतून जीप घालण्याची मला हौस आहे आणि ते बटण नेमके पायाशी, पाणी साचते तिथेच बसते. ते साफ करून आपण दोन रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, बसवलेत, एक अपरचा आणि एक डिपरचा. आता रिलेच्या ३० नंबरच्या टोकाला बॅटरीतून फ्यूजमार्गे थेट जाड वायर येते, ८७ मधून ती दिव्यांकडे जाते आणि जुन्या बटणाला ८५-८६ मधले कॉइल ओढण्यापुरताच, अर्ध्या अँपिअरहूनही कमी करंट वाहावा लागतो. जुने ६०/५५ चे बल्ब आपण मला परत लावायला लावलेत. इंजिन चालू ठेवून मोजले तेव्हा बॅटरीवर १३.८ आणि दिव्यावर १३.४ व्होल्ट भरले. येताना चांगल्या समजल्या जाणाऱ्या उजव्या दिव्यावरही जेमतेम ११ होते. व्होल्टेज दहा टक्के उतरले की उजेड तीसेक टक्के उतरतो, हे आपण सांगितलेत तेव्हा कमी वॅटचे बल्ब जास्त उजेड कसा देतात याचे कोडे सुटले.

पैशांचे लिहिलेले आपल्याला आवडणार नाही, तरी लिहितो. रिले, वायर आणि होल्डर यांची किंमत आपण घेतलीत. मजुरीचे विचारल्यावर "निम्मं काम तुम्हीच केलासा" म्हणून विषय संपवलात. ते निम्मे काम मी कसे केले, हे आपण आणि मी दोघेही जाणतो.

उत्तूरच्या पुढे धुके इतके दाट होते की अपर लावणे शक्यच नव्हते. संपूर्ण वाट डिपरवर काटली आणि मीटरमधली ती बत्ती एकदाही मिणमिणली नाही. परवा हॉर्नचा अर्थही, आपण बजावले होते त्याप्रमाणे, मीच घासून नवा केला. मागच्या दिव्यांचा तेवढा राहिला आहे, कारण तिथला बोल्ट गंजून बसला आहे आणि तो तोडण्याचे धाडस मला होत नाही. दिवाळीच्या आधी एखाद्या रविवारी जीप घेऊन येतो. त्या वेळी मजुरी आधी ठरवू, मगच बोल्टाला हात लावू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
हिरव्या जीपवाला