‘समतुल्य’ प्रायमर मला नकोत

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: मागवलेल्या प्रायमरऐवजी न विचारता दुसरे पाठवल्याबद्दल

सप्रेम नमस्कार,

परवा फोनवर तुमच्या पुण्याच्या केंद्रातल्या ताई म्हणाल्या, “काका, मराठीतच लिहून पाठवा, मी पुढे देते.” म्हणून हे मराठीत.

मी ह्यूस्टनला राहतो आणि माझ्या एम-1 गॅरंड रायफलीसाठी काडतुसं घरी भरतो. (ताई, भारतात परवान्याशिवाय हा उद्योग केला तर पोलीस दारात येतील. इथे स्वतःपुरतं भरायला परवाना लागत नाही.) गेल्या महिन्यात 1000 प्रायमर मागवले, म्हणजे काडतुसाच्या बुडात बसणाऱ्या, ठोका बसला की पावडर पेटवणाऱ्या टोप्या. लष्करी कडकपणाचे, असं तुमच्याच वर्णनात होतं. खोक्यातून निघाले साधे लार्ज रायफल प्रायमर आणि पावतीवर एकच शब्द, ‘समतुल्य’.

समतुल्य कुठल्या रायफलीला? हाताने बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा खटका) ओढायच्या शिकारी रायफलीत खुशाल चालतील. गॅरंड ही 1936 मध्ये अमेरिकी सैन्याने घेतलेली रायफल. नळीतल्या गॅसच्या जोरावर ती स्वतःच पुढचं काडतूस चढवते आणि बोल्ट धाडकन बंद होतो. तिच्या फायरिंग पिनला, म्हणजे प्रायमरवर ठोका मारणाऱ्या सुईला, मागे धरणारी स्प्रिंगच नाही. बोल्ट थांबतो, पिन मात्र आपल्या वेगात पुढे जाऊन प्रायमरवर आपटते. चढवलेलं काडतूस न उडवता बाहेर काढलं, तर प्रायमरवर सुईच्या टोकाएवढा खळगा दिसतो. कडक प्रायमर तो सोसतो. प्रायमर नाजूक असला किंवा काडतुसाच्या पुंगळीच्या तळापेक्षा केसभर वर राहिला, तर ट्रिगरला बोट न लागताच बार होऊ शकतो. बोल्ट पुरता अडकायच्या आत झाला तर विचारूच नका, कारण माझा गाल तिथून वीतभरावर असतो. म्हणून मी प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून अंगठा फिरवतो. जरा उंचवटा लागला की ती बाजूला. एवढं सांभाळणाऱ्या माणसाला तुम्ही ‘समतुल्य’ म्हणून काहीही पाठवता?

ताईंनी त्याच फोनवर सवलतीतली पावडरही सुचवली. ती मंद जळणारी. गॅरंडचं गॅसचं भोक नळीच्या तोंडाशी असतं. अशा पावडरीने तिथे दाब जास्त राहिला तर ऑपरेटिंग रॉड (गॅसच्या जोराने बोल्ट मागे नेणारा दांडा) वाकतो. मी नको म्हटलं. त्यांचा दोष नाही, स्क्रीनवर असेल तेच त्या वाचणार.

धोकादायक माल परत घेत नाही, असं तुमचं उत्तर आलं. मग चुकीचा माल पाठवताना ‘धोकादायक माल’ याच नावाखाली 35 डॉलर शुल्क घेतलंत ते कसलं? खोकं उघडलंय, पण आतल्या 100-100 च्या पेट्यांना हात लावलेला नाही. ते उचलायची सोय तुम्ही करा, मागवलेले प्रायमर पाठवा आणि या वेळी ते शुल्क तुमच्याकडून जाऊ द्या. नसतील तर नाहीत म्हणा, मी थांबेन.

आपला,
एक जुना ग्राहक