दंगल झालीच नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात पाणीटंचाईच्या आढावा बैठकीची बातमी होती. मथळा असा : ‘अमळनेरात अधिकाऱ्यांना दंगल कायदा वाचून दाखवला’. सकाळी साडेसातलाच शिरपूरहून माझ्या मोठ्या बहिणीचा फोन आला, “गावमा दंगल व्हयनी का वं? मी येऊ का नको?” दुपारी आमच्या पुतणीचा साखरपुडा होता. गावात सगळं शांत आहे, बाजार भरलाय, असं मी परोपरीने सांगितलं. पण दाजी पेपर पुढ्यात धरून बसलेले. दंगल, कायदा म्हटल्यावर माणसाच्या डोक्यात जमावबंदीच येणार, पूर्वीचं १४४ कलम, आताचं १६३.

मी ३१ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. हा मथळा ‘रीड द रायट ॲक्ट’ या वाक्प्रचाराचं शब्दाला शब्द ठेवून केलेलं भाषांतर आहे. असा कायदा इंग्लंडमध्ये खरोखर होता, १७१५ साली लागू झालेला. बारा किंवा जास्त माणसं दंगा करायला जमली की दंडाधिकारी राजाच्या नावाने जाहीरनामा मोठ्याने वाचायचा. त्यानंतर तासाभरात जमाव पांगला नाही तर सुरुवातीच्या काळात थेट देहदंड. कायदा केव्हाच रद्द झाला, बोलण्यात मात्र राहिला. आज त्याचा अर्थ एवढाच, की ‘हे आजपासून बंद, नाहीतर परिणाम भोगा’ असं ठणकावून सांगणं. त्या बैठकीत कुणी कायद्याचं पुस्तक उघडलेलं नव्हतं.

आणि मराठीत शब्द कमी आहेत का? कानपिचक्या हलक्या असतात. कानउघाडणीत थोडी माया असते. खरडपट्टी काढली की माया संपली. पण यातल्या एकातही ‘नाहीतर’ नाही, आणि त्या इंग्रजी वाक्प्रचाराचा जीव त्या ‘नाहीतर’मध्येच आहे. त्याला आपल्याकडे सज्जड दम म्हणतात. माझे वडील प्रताप मिलमध्ये कामाला होते. मी सातवीत गणितात नापास झाले तेव्हा ते रात्रपाळीहून आले, हातपाय न धुताच माझी वही उघडली आणि म्हणाले, “पुढच्या परीक्षेत असं दिसलं तर शाळा बंद. घरी बसायचं.” आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. मी त्या रात्री कंदिलापाशी बसले ती पहाटेपर्यंत. हा सज्जड दम.

‘अधिकाऱ्यांना सज्जड दम’, एवढाच मथळा पुरला असता. जागाही वाचली असती. भाषांतर माणसाने केलेलं असो की यंत्राने, छापण्याआधी ते एकदा मोठ्याने वाचून बघा, ही कळकळीची विनंती. आणि खुलासा त्याच पानावर छापावा, आतल्या कोपऱ्यात नको. ताई दुसऱ्या दिवशी आली. तोवर मांडव उतरला होता.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अमळनेर (जि. जळगाव)