कपाटात नको, इस्त्रीच्या आधी

ल्यों, फ्रान्स, ऑगस्टअखेर

ती. आई-बाबा,
सा. न.

गणपतीला निखिल रत्नागिरीला येतोय. त्याच्या बॅगेत तुमच्यासाठी निळ्या काचेची एक बाटली दिली आहे. आई, ते अत्तर नव्हे. लॅव्हेंडरच्या फुलांचं पाणी आहे. फोनवर हे सगळं सांगून होत नाही (बाबा मध्येच फोन ठेवून देतात), म्हणून लिहूनच पाठवते.

१५ ऑगस्टला आम्ही इथल्या दक्षिणेकडच्या प्रोव्हान्स भागातल्या सो नावाच्या गावी गेलो होतो. मों व्हांतू डोंगराच्या बाजूला उंचावरचं गाव आहे. तुमच्याकडे झेंडावंदन झालं त्याच दिवशी तिथे विळ्याने लॅव्हेंडर कापायची शर्यत लागली होती. दरवर्षी त्याच दिवशी त्यांचा उत्सव असतो. एरवी आता कापणी बहुतेक यंत्रानेच होते. तिथून आम्ही एका भट्टीवर गेलो. भट्टी म्हटल्यावर आईच्या डोळ्यासमोर काय येईल ते कळतंय मला, पण ही फुलांची भट्टी. मोठ्या टाकीत देठांसकट तुरे दाबून भरतात आणि खालून वाफ सोडतात. वाफ वर येताना फुलांतलं तेल बरोबर घेऊन येते, गार पाण्यात बुडवलेल्या वेटोळ्या नळीत तिचं पुन्हा पाणी होतं आणि सगळं एका भांड्यात उतरतं. तेल हलकं, ते वर तरंगतं. खालचं पाणी वेगळ्या तोटीने काढून घेतात. बाबा, तुम्ही फळ्यावर काढून दाखवायचात तेच ऊर्ध्वपातन, फक्त चंबूच्या जागी माणूस आत उभा राहील एवढी टाकी. अस्सल लॅव्हेंडरच्या एक किलो तेलाला १०० किलोहून जास्त फुलं लागतात. त्यामुळे भट्टीवाल्यांचा सगळा जीव तेलात, आणि खालचं पाणी पूर्वी बरंचसं ओतूनच द्यायचे. आता त्याच्या बाटल्या भरतात. त्यात लिटरमागे ग्रॅमभरसुद्धा तेल नसतं, म्हणून ते सौम्य.

मी आधी समजत होते की हे तोंडाला लावायचं काहीतरी असणार. इथल्या जुन्या घरांत बघितलं तर त्याची खरी जागा धुण्याजवळ. आमच्या घरमालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. चादरी शेवटच्या पाण्यातून काढताना त्या बादलीत हे कपभर ओततात आणि उशांच्या अभ्र्यांवर इस्त्रीच्या आधी शिंपडतात. सुकी फुलं कापडी पिशव्यांत भरून चादरींच्या घड्यांमध्ये ठेवलेली असतात, लोकरीच्या कपड्यांना कसर लागू नये म्हणून. ताजे देठ रिबिनीत विणून त्याच्या छोट्या दांड्याही करतात, त्या पिढ्यान्‌पिढ्या आयांनी मुलींना शिकवलेल्या. शिवाय दाढीनंतर गालाला, उन्हाने लाल झालेल्या मानेला, प्रवासात रुमालावर, हे आहेच. मुलांच्या कानामागे थेंबभर लावून शाळेत धाडतात, उवा होऊ नयेत म्हणून. पण ते तेल, पाणी नव्हे.

हा फरक लक्षात ठेवा, कारण लॅव्हेंडरच्या ज्या मोठमोठ्या गोष्टी तुम्हाला व्हॉट्सॅपवर येतील त्या तेलाच्या असतील. आमच्या ल्योंचेच रसायनतज्ज्ञ रने-मोरीस गातफॉसे, १९१० मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात भाजले. चिघळलेल्या जखमांवर लॅव्हेंडरचं तेल लावल्याने गुण आला, असं त्यांनी १९३७ च्या पुस्तकात लिहिलं आणि अरोमाथेरपी, म्हणजे सुगंधी तेलांचे उपचार, तिथून गाजली. वाचायला छान आहे, पण त्यावरून बाबांनी पायाच्या भेगांवर हे पाणी मारायचं नाही. साखर आहे तुम्हाला. पायाला काहीही झालं तर डॉक्टर, दुसरं काही नाही.

आता आपल्या घरचं. इथली रीत रत्नागिरीत जशीच्या तशी चालणार नाही. प्रोव्हान्सचा उन्हाळा खडखडीत कोरडा, चादर तासाभरात वाळते. आपल्याकडे भाद्रपदात कपाटातला हातरुमालसुद्धा दमट लागतो. त्यामुळे आई, वास छान आहे म्हणून कपाटात फवारू नकोस. कुबट वास जाणार नाहीच, वर बुरशी येईल. पैठणीपासून तर लांबच ठेव. कपाटात कडुनिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या आहेत त्याच राहू देत. अभ्रे आणि चादरी इस्त्रीला घेशील तेव्हा वर थोडं शिंपड आणि अगदी कोरडं होईपर्यंत गरम इस्त्री फिरव. वाफेच्या इस्त्रीच्या टाकीत मात्र ओतू नकोस, ती खराब होईल.

दुसरा उपयोग घामोळ्यांना. बाटली फ्रिजच्या दारात ठेव आणि मऊ सुती कापड त्यात भिजवून पाठीवर ठेवायचं. आधी दंडाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा, खाज आली तर सोडून द्या. मुलतानी मातीत गुलाबपाण्याऐवजी हे घातलंस तरी चालेल. बाबांनी तुरटी फिरवून झाली की दोन थेंब गालाला लावावेत.

गुलाबपाण्याची मात्र एक सवय इथे आणायची नाही: डोळ्यांत घालणं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांशिवाय तुझ्या डोळ्यात काही जाता कामा नये. आणि प्यायचं नाही, सरबतातही नाही.

झोपेचं विचारलं होतंत. उशीला हा वास असला की मला बरं वाटतं, इथे बहुतेकांना वाटतं. पण बाबा, त्यावर भरवसा ठेवून रात्रीची गोळी डॉक्टरांना न विचारता कमी करायची नाही. वासाने अंथरूण आवडायला लागेल, एवढीच अपेक्षा ठेवा.

संपल्यावर पुन्हा माझ्याकडे मागायची गरज नाही. जम्मूच्या डोडा जिल्ह्यात भदरवाहला मक्याची शेती सोडून कितीतरी शेतकरी लॅव्हेंडरकडे वळलेत, सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशन योजनेतून त्यांना रोपं मिळाली. तिथला माल भारतातच मिळतो. घेताना मागचं बारीक अक्षर वाचा, बाबा, चष्मा लावून. घटकांत 'लॅव्हंड्युला अँगुस्टिफोलिया फ्लॉवर वॉटर' हवं. अल्कोहोल किंवा नुसतं 'परफ्युम' लिहिलं असेल तर ते वासाचं पाणी, ते घेऊ नका. वास घेताना कापराची झणझणीत झाक आली तर बहुधा लॅव्हंडिन, म्हणजे संकरित जातीचं. त्याचं तेल जास्त निघतं म्हणून स्वस्त. फरशी पुसायला उत्तम, उशीला नको.

बाटली उघडलीत की वर तारीख लिहा. यात टिकवायला काही घातलेलं नाही. तळाशी धागे दिसले किंवा आंबूस वास आला तर ती फरशीच्या बादलीत रिकामी करा, जीव अडकवू नका.

निखिलच्या हाती आमसुलं आणि बाबांचे साखरेचे नवे रिपोर्ट द्या. रिपोर्टचे फोटो नकोत, तिरके येतात.

तुमची,
मनू

ता. क. आई, गौरीच्या हळदीकुंकवाला तू गुलाबदाणीत हेच भरणार, हे मला ठाऊक आहे. भर, पण निम्मी बाटली अभ्र्यांसाठी राहू दे.