फर्मागुढीच्या स्मारकाने सीमेवरच्या किल्ल्याचा इतिहासही सांगावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यात फोंड्याजवळ फर्मागुढीला किल्ल्याच्या रूपात उभारलेल्या छत्रपती शिवाजी महाराजांच्या स्मारकाकडे संबंधित खात्याचे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. महाराजांच्या पुतळ्याभोवतीची तटबंदी अलीकडची असली, तरी तिच्यापाशी छायाचित्रे काढणारे पर्यटक ‘हाच शिवाजी महाराजांचा किल्ला’ असे मुलांना सांगताना मी अनेकदा ऐकले आहे. त्यांना दोष देता येणार नाही. फोंड्याचा जुना किल्ला कोणता, तो कोणाच्या सीमेवर होता आणि त्यासाठी इतकी युद्धे का झाली, हे त्यांना जागेवरच समजायला हवे.

तिसवाडी, साष्टी आणि बारदेश हे प्रदेश पोर्तुगिजांच्या ताब्यात होते, तर नदीपलीकडचा अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा परिसर, आदिलशाहीत होता. सोळाव्या शतकात पोर्तुगीज मुलखात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, ती याच सीमेच्या अलीकडे आश्रय होता म्हणून. आज ज्या देवळांसाठी लोक दूरदूरहून फोंडा तालुक्यात येतात, त्या भूमीचा पहारेकरी हा किल्ला होता. शिवाजी महाराजांनी तो १६७५ मध्ये वेढा घालून आदिलशाहीकडून जिंकला, एवढे बहुतेकांना ठाऊक असते.

त्यानंतर आठ वर्षांनी घडलेला प्रसंग मात्र फारसा सांगितला जात नाही. ऑक्टोबर १६८३ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर स्वतः फौज घेऊन फोंड्यावर चालून आला. तोफांच्या माऱ्याने तट फुटला, तरी येसाजी कंक आणि त्यांचे पुत्र कृष्णाजी यांनी शिबंदीसह किल्ला लढवला. नोव्हेंबरमध्ये राजापूरहून संभाजी महाराज येऊन पोहोचले आणि व्हाइसरॉयला दुर्भाटच्या वाटेने माघार घ्यावी लागली. त्याच महिन्यात मराठ्यांनी पोर्तुगिजांच्या राजधानीला लागून असलेले जुवे बेटही घेतले. या लढाईत झालेल्या जखमांनी कृष्णाजी कंक यांचा पुढे मृत्यू झाला. फोंड्यासाठी प्राण वेचलेल्या या वीराचे नाव फोंड्यातल्या शाळकरी मुलांनाही माहीत नसावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

स्मारकाच्या प्रवेशाजवळ, शक्य तर येत्या शिवजयंतीपूर्वी, मराठी आणि कोंकणीत एक दगडी फलक लावावा. त्यावर १६८३ ची सीमा दाखवणारा नकाशा असावा, कंक पितापुत्रांचा स्पष्ट उल्लेख असावा आणि आजचे बांधकाम म्हणजे मूळ किल्ला नव्हे, हेही नि:संदिग्ध शब्दांत लिहिलेले असावे. हडकोळण येथील संभाजी महाराजांच्या काळातील १६८८ च्या करमाफीविषयक मराठी शिलालेखाची प्रतिकृती शेजारी बसवली, तर या सीमेवर प्रत्यक्ष राज्यकारभार कसा चालत होता, याचाही पुरावा लोकांसमोर राहील.

दुसरी विनंती अधिक तातडीची आहे. फोंडा शहर आणि फर्मागुढी परिसरात बांधकामे झपाट्याने वाढत आहेत. त्यामुळे टेकड्यांवर जुन्या तटबंदीचे, बुरुजांचे किंवा संभाजी महाराजांनी फोंड्याजवळ बांधलेल्या मर्दनगड किल्ल्याचे काही अवशेष उरले आहेत का, याची पाहणी पुरातत्त्व तज्ज्ञांकडून करून घ्यावी आणि ती पूर्ण होईपर्यंत त्या भागात डोंगरकापणीला परवानगी देऊ नये.

आपला,
एक वाचक, फोंडा