कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या शॉकअपवाल्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

पत्रात तुमचं नाव घालत नाही. "दारात गर्दी नको बाबा," असं तुम्हीच बजावलंय. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत. जुन्या गाडीचे शॉकअप मऊ पडले म्हणून वैतागलेली पोरं आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत, आणि त्यांना मिळणारा सल्ला ठरलेला असतो: जाड ऑइल भर, नाहीतर नवीन शॉकअप टाक.

माझी रॉयल एनफील्ड हिमालयन २०१६ ची. पुढे २१ इंची चाक, पुढच्या शॉकअपची चाल, म्हणजे ते जितकं दबू शकतं ते अंतर, २०० मिलिमीटर, मागची १८०. पाटगावच्या पुढे भटवाडीवरून चिक्केवाडीकडे, रांगणा किल्ल्याच्या वाटेला लागलं की हे मिलिमीटर कशासाठी असतात ते कळतं. पण गाडीला वय झालं होतं. ब्रेक दाबला की नाक खाली जायचं, ओढ्यात उतरताना पुढचं शॉकअप तळाला ठोकायचं आणि तो दणका थेट मनगटात यायचा.

तुम्ही पाना उचलायच्या आधी टेप काढलात, मामा. सगळ्यात मोठे आभार त्याचेच. चाक अधांतरी करून अ‍ॅक्सलपासून वरच्या क्लॅम्पपर्यंतचं माप घेतलं. मग मला जॅकेट-हेल्मेटसकट, मागे सामान बांधून बसवलं आणि पुन्हा माप घेतलं. फरक ९५ मिलिमीटर! म्हणजे गाडी जागेवर उभी असतानाच निम्मी चाल खाऊन बसली होती. अशा गाडीत स्वार बसल्यावर चालीचा साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे ६५ च्या आसपास, खर्च व्हावा. खड्डा यायच्या आधीच मी अर्धा खड्ड्यात होतो म्हणायचा.

मागच्या बाजूला तुम्ही जे केलंत ते मी कुठल्याच गॅरेजात पाहिलं नव्हतं. आधी सीट खाली दाबून हळूहळू सोडली आणि माप घेतलं. मग गाडी वर उचलून हळूहळू बसू दिली आणि पुन्हा मोजलं. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. माझ्या गाडीत २० मिलिमीटरहून जास्त तफावत. "शॉकअपला काय झालं न्हाई, जोडात अडकतंय," म्हणालात आणि लिंकेज, म्हणजे मागचं शॉकअप चाकाच्या चिमट्याला जोडणारे सांधे, खोललंत. नीडल बेअरिंगच्या सुयांचा गंजून भुगा झाला होता. वर्षानुवर्षांचा चिखल आणि गाडी धुताना मारलेलं प्रेशरचं पाणी. नवीन बेअरिंग, नवीन सील, ग्रीस, बास. शॉकअपचा दांडा कोरडा होता, तेल कुठे आलेलं नव्हतं, म्हणून तो आहे तसाच चढवला. त्याच्या आत गॅस दाबून भरलेला असतो, तो उगाच उघडायच्या भानगडीत पडू नको, हेही दोनदा सांगितलंत. दुसरा कुणी असता तर हजारोंचं बिल हातात ठेवून मोकळा झाला असता.

पुढच्या शॉकअपच्या दोन्ही पायांतून निघालेलं ऑइल करड्या रंगाचं, उन्हात धरलं तर चकाकणारं. आतली नळी ज्यावर सरकते ते बुश झिजून त्याची पूड तेलात उतरलेली. बुश आणि सील बदलणं आलंच. नळीच्या क्रोमवरचे बारीक खड्डे तुम्ही तेल लावलेल्या बारीक पॉलिश पेपरने घासलेत, नाहीतर नवं सील त्यांनीच फाडलं असतं.

खरी गंमत पुढच्या शॉकअपमधल्या स्प्रिंगची. "स्प्रिंग म्हातारी झाली की मऊ न्हाई होत, आखूड हुती." हे वाक्य मी मित्रांना इतकं ऐकवलंय की आता तेच मला ऐकवतात. तारेची जाडी तीच, वेढे तेवढेच, म्हणजे कडकपणाही तोच. फक्त लांबी घटल्यामुळे बसवतानाच स्प्रिंगवर असतो तो आधीचा दाब गेलेला. स्प्रिंगच्या डोक्यावर नुसता स्पेसर, म्हणजे नळीचा तुकडा, घालून गाडी वर आली असती. पण तंबू, पाणी, टायरची हत्यारं आणि माझं स्वतःचं वजन (यावर तुम्ही जे बोललात ते इथे लिहीत नाही) धरलं तर स्प्रिंगच थोडी कडक हवी होती. स्पेसरने उंची मिळते, कडकपणा नाही, हा फरक तुम्ही स्प्रिंग वजनकाट्यावर दाबून दाखवलात. मग वेढे कमी करायचं ठरलं. काम करणाऱ्या दहा वेढ्यांतला एक गेला तर स्प्रिंग साधारण ११ टक्के कडक होते. पण कापण्याआधी उरलेल्या वेढ्यांमधल्या फटी मोजून बेरीज केलीत, कारण ती चालीपेक्षा कमी भरली तर तळाला जायच्या आधीच वेढ्यावर वेढा बसणार. कापतानाही घाई नाही. पाण्यात बुडवत, तारेचा टणकपणा जाऊ न देता. आणि गेलेल्या लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा स्पेसर शेजारच्या लेथवर चहा होईपर्यंत तयार. उद्यमनगर सोडून हे कुठे होईल?

जाड ऑइलला तुम्ही ठाम नकार दिलात. या साध्या शॉकअपमध्ये तेल बारीक भोकांतून जातं. दगडावर चाक जोरात आपटलं की जाड तेल तुंबतं आणि दणका हातात येतो, ब्रेकला नाक मात्र खाली जायचं ते जातंच. त्याऐवजी कंपनीच्याच ग्रेडचं तेल ठेवून पातळी थोडी चढवलीत. स्प्रिंग बाहेर, पाय पूर्ण दाबलेला, वरून पट्टी घालून दोन्ही बाजू सारख्या. वरची हवा कमी झाली की शेवटच्या टप्प्यात तीच उशी देते.

आता पुढचं माप ६८ येतं. चिक्केवाडीच्या ओढ्यात परवा उतरलो तेव्हा शॉकअप तळाला गेलं नाही. उड्यांवरून परत येताना पुढचं चाक अजून जरा घाईने उसळतं, पण ती उसळी कमी-जास्त करायला या शॉकअपमध्ये स्क्रूच नाही, तेव्हा तक्रारही नाही.

मजुरीचं मात्र पटलं नाही, मामा. एवढ्या मापामापीचे तुम्ही पैसेच लावले नाहीत. मी विचारल्यावर "मापाला कसले पैसे" म्हणालात. पैसे मापालाच लावा. कापायला कुणीही कापेल. पावसाळा संपला की लिंकेज खोलून ग्रीस भरायला येतोय, मागच्या चाकाच्या चिमट्याचे बुशही तेव्हाच बघू, आणि त्या दिवशी बिल मी लिहिणार.

तुमचा,
काळ्या हिमालयनवाला