तळघराचा पंप: अश्वशक्तीआधी हेड विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तळघरात पाणी शिरल्याच्या बातम्या येतात तेव्हा पाऊस किती पडला हे छापले जाते. तळघराच्या फरशीत पाणी गोळा होण्यासाठी केलेल्या खड्ड्यात उपसा करणारा पंप (संप पंप) असूनही पाणी का उपसले गेले नाही, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. मोटर जळाली असे प्रकार त्यात थोडे असतात. पाण्याबरोबर वर येऊन पंप चालू करणारा फ्लोट भिंतीला अडकलेला असतो, पाणी मागे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह धरत नसतो, बाहेरच्या पाइपचे तोंड बुजलेले असते किंवा ऐन पावसात वीज गेलेली असते. यातली प्रत्येक गोष्ट कोरड्या दिवसांत तपासता येते. म्हणून हे पत्र, जरा सविस्तर.

पंप घेण्याआधी पाणी कुठून येते ते पाहावे. १०० चौरस मीटर छतावर ३० मिलिमीटर पाऊस पडला की ३,००० लिटर पाणी खाली येते. पन्हळीचा पाइप भिंतीच्या पायाशीच सुटत असेल तर त्यातले बरेचसे पाणी पायालगतच्या मातीत मुरते, तिथून तळघराकडे झिरपते आणि पंप तेच पाणी पुन्हा वर चढवत बसतो. हा पाइप भिंतीपासून निदान दोन मीटर लांब न्यावा. घराभोवतीच्या जमिनीला पहिल्या तीन मीटरमध्ये सुमारे १५ सेंटिमीटर उतार घरापासून दूर असावा. भिंतीलगत केलेले वाफे आणि नव्याने घातलेली फरसबंदी यांमुळे हा उतार कधी उलटा होतो ते कळतही नाही. ही कामे आधी उरकली तर पुष्कळदा लहान पंपावर भागते.

दुकानात पहिला प्रश्न असतो, किती एचपीचा हवा? खरे तर विचारायला हवे की माझ्या हेडला, म्हणजे पाणी जितके उंच चढवायचे ती उंची अधिक पाइपातले घर्षण धरून, हा पंप मिनिटाला किती लिटर देतो. खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुधा शून्य हेडचा, म्हणजे पाणी वर चढवायचेच नसेल तेव्हाचा असतो. पंपासोबत येणाऱ्या आलेखात किंवा तक्त्यात प्रत्येक उंचीला मिळणारा प्रवाह दिलेला असतो. तो तक्ता नसेल तर पंप घेऊ नये.

आपल्याला किती प्रवाह लागेल हे खड्ड्यावरूनच मोजता येते. भर पावसात पंप एक मिनिट बंद ठेवावा आणि पाणी किती सेंटिमीटर चढले ते पट्टीने पाहावे. खड्डा ४५ सेंटिमीटर व्यासाचा असेल तर प्रत्येक सेंटिमीटरला सुमारे १.६ लिटर, ६० सेंटिमीटर व्यासाचा असेल तर २.८ लिटर. समजा ६० च्या खड्ड्यात मिनिटाला ११ सेंटिमीटर पाणी चढले, तर आवक झाली सुमारे ३० लिटर. मोजणी साध्या पावसातली असेल तर तिच्या दुप्पट तरी क्षमता धरावी, कारण सर्वांत वाईट रात्र अजून यायची असते.

आता हेड. खड्ड्यातल्या सर्वांत खालच्या पातळीपासून पाइपच्या सर्वांत उंच बिंदूपर्यंतचे अंतर ३ मीटर आहे असे धरू. त्यात पाइपातले घर्षण मिळवायचे. दीड इंची पाइपातला प्रत्येक काटकोनी एल्बो (वळणाचा जोड) साधारण सव्वा मीटर सरळ पाइपाएवढा अडथळा करतो. १५ मीटर पाइप आणि चार एल्बो म्हणजे २० मीटर झाले. एवढ्यातून मिनिटाला १०० लिटर नेताना जेमतेम १ मीटर हेड खर्च होते, म्हणजे एकूण ४ मीटर. तोच पाइप एक इंची घातला तर त्याच प्रवाहाला घर्षणातच ९ मीटरच्या आसपास हेड जाते. घरगुती संप पंपाला ते झेपत नाही, प्रवाह कोसळतो आणि दोष मात्र पंपाला दिला जातो. पंपाचे तोंड दीड इंची असेल तर शेवटपर्यंत पाइप दीड इंचीच हवा. रिड्यूसर (व्यास कमी करणारा जोड) लावून शिल्लक पडलेला पाइप वापरण्याचा मोह प्लंबरला होतो. तिथे ठाम राहावे.

खड्ड्याबद्दल. खोली ६० ते ७५ सेंटिमीटर असावी. व्यास ४५ चालतो, पण जागा असेल तर ६० घ्यावा. भोके पाडलेली टाकी बसवून तिच्याभोवती पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे जिओटेक्स्टाइल कापड गुंडाळावे आणि बाहेर धुतलेली खडी भरावी. कापड टाळले तर पाण्याबरोबर फरशीखालची बारीक माती वाहून येते. बाहेर पडणारे पाणी महिनोन्महिने गढूळच येत असेल तर पंप तुमच्या घराखालची जमीन उपसतो आहे असे समजावे आणि तो प्रश्न आधी सोडवावा. पुढे फरशी खचते. पंप थेट तळावर ठेवू नये. सपाट विटेवर किंवा फरशीच्या तुकड्यावर ५ ते ८ सेंटिमीटर उंच ठेवावा, म्हणजे तळाचा गाळ इम्पेलरमध्ये (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकात) ओढला जात नाही. वर घट्ट झाकण हवे. लहान मुले, पडणाऱ्या वस्तू आणि दमट हवा तिन्ही त्याने अडतात.

फ्लोट स्विच हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त भाग आणि सर्वांत जास्त घात करणाराही. वायरीला लोंबकळणारा फ्लोट अरुंद खड्ड्यात भिंतीला टेकतो, पाइपाखाली अडकतो किंवा पंपाच्याच वायरीत गुंततो. पाणी चढत राहते, स्विच लागत नाही. पंप थरथरून जागचा थोडा फिरला तरी हे घडते, म्हणून पाइप क्लॅम्पने भिंतीला पक्का करावा. ४५ सेंटिमीटरच्या खड्ड्यात दांडीवर उभा सरकणारा फ्लोट घेणे शहाणपणाचे. जमिनीतल्या पाण्यात लोह असेल तर नारिंगी, बुळबुळीत थर या दांडीवर चढतो आणि फ्लोट जड होऊन बसतो; तो अधूनमधून ब्रशने घासून काढावा लागतो.

फ्लोटची चालू आणि बंद होण्याची पातळी यांतले अंतरही पाहावे. वरच्याच उदाहरणात आवक मिनिटाला ३० लिटर आणि पंप १०० लिटरचा. अंतर ५ सेंटिमीटर ठेवले तर पंप दर ४० सेकंदांनी चालू होतो, म्हणजे तासाला ९० वेळा. अंतर २० सेंटिमीटर केले की हेच तासाला २२ वर येते. प्रत्येक सुरुवातीला मोटर एरवी चालताना घेते त्याच्या तीन ते सहा पट करंट खेचते आणि तापते, त्यामुळे हा फरक थेट मोटरीच्या आयुष्याचा आहे. गरजेपेक्षा फार मोठा पंप घेतला तरी हीच कटकट होते, तो खड्डा क्षणात रिकामा करतो आणि सतत चालू-बंद होत राहतो. बंद होण्याची पातळी पंपाच्या जाळीच्या वरच असली पाहिजे, कारण सबमर्सिबल मोटर भोवतालच्या पाण्यानेच थंड राहते.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर पंप थांबताच उभ्या पाइपातले पाणी खड्ड्यात परत येते. दीड इंची पाइपात दर मीटरला सव्वा लिटर, म्हणजे तीन मीटरला जवळजवळ चार लिटर, तेही प्रत्येक फेरीला. व्हॉल्व्ह उभ्या पाइपात, बाण वरच्या दिशेने ठेवून बसवावा आणि त्याला युनियन (खोलता येणारा जोड) द्यावे, म्हणजे पाइप न कापता पंप बाहेर काढता येतो. आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. पंप आणि हा व्हॉल्व्ह यांच्यामधल्या पाइपला, झाकणाच्या खाली, ३ मिलिमीटरचे एक तिरपे भोक हवे. पंपात हवा कोंडली आणि वर पाण्याच्या वजनाने व्हॉल्व्ह घट्ट बंद असला तर इम्पेलर हवेतच फिरत राहतो. मोटरीचा आवाज येतो, पाणी हलत नाही. त्या भोकातून हवा निघून जाते. पंप चालताना तिथून बारीक धार खड्ड्यात पडते ती बरोबरच आहे. गळती समजून ते भोक पुट्टीने बुजवणारे पुष्कळ भेटतात. काही पंपांच्या अंगातच असे भोक असते, माहितीपत्रकात पाहून घ्यावे.

बाहेरचे टोक घरापासून निदान तीन मीटर दूर, उताराच्या बाजूला आणि शेजाऱ्याच्या भिंतीकडे तोंड नसलेले असावे. सांडपाण्याच्या गटारात ते जोडू नये. मोठ्या पावसात गटार तुंबले की तुमचे पाणी जाणार कुठे? टोकाला जाळी हवी, पण बारीक नको. पाला अडकून तीच बूच होते. गटाराचे पाणी तळघराच्या मोरीतून उलटे येत असेल तर संप पंप हा त्यावरचा उपाय नव्हे. त्यासाठी सांडपाण्याच्या लाइनवर उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह लागतो.

विजेचा विचार पंपाच्या आधी करायला हवा इतका तो मोठा आहे. ज्या वादळी पावसात पंप लागतो, त्याच पावसात वीज जाते. चालताना ५०० वॅट घेणारा पंप धरू. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवू नये, शिवाय इन्व्हर्टरमध्येही थोडे वाया जाते. हाती उरतात साधारण ७५०. पंप अखंड चालला तर दीड तास. वरच्या उदाहरणाप्रमाणे तो ३० टक्के वेळच चालत असेल तर पाच तास, आणि बॅटरी जुनी असेल तर त्याहून बरेच कमी. दिवे-पंख्यांचा लहान इन्व्हर्टर मोटरीच्या सुरुवातीच्या करंटलाच ट्रिप होतो. २ केव्हीए किंवा जास्त क्षमतेचा, साइन वेव्हचा घ्यावा आणि त्यावर घरातले दुसरे काही जोडू नये. याहून भरवशाची रचना म्हणजे १२ व्होल्टचा वेगळा डीसी पंप. तो मुख्य पंपापेक्षा थोडा उंच बसवावा, त्याला स्वतःचा फ्लोट आणि स्वतःचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह द्यावा, जमल्यास पाइपही वेगळा. मग मुख्य फ्लोट अडकला तरीही पाणी उपसले जाते. पेट्रोलचा जनरेटर मात्र तळघरात किंवा खिडकीजवळ कधीही चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, आणि तो जीव घेतो.

पंपाला स्वतंत्र सर्किट, चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. सॉकेट फरशीपासून निदान एक मीटर वर असावे. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. आरसीसीबी ट्रिप झाल्यास घरच्यांना कळले पाहिजे, म्हणून खड्ड्यात वेगळ्या फ्लोटवर आणि स्वतःच्या सेलवर चालणारा अलार्म बसवावा. पंपाच्या चालू पातळीपेक्षा १० सेंटिमीटर वर वाजेल असा. सगळ्या यंत्रणेत याची किंमत सर्वांत कमी आणि उपयोग सर्वांत जास्त.

तपासणी म्हणून फ्लोट हाताने उचलून पंपाची घरघर ऐकणे पुरेसे नाही. खड्ड्यात बादल्यांनी पाणी ओतत जावे. फ्लोट आपणहून उचलला जातो का, पाणी बाहेरच्या टोकाला येते का, ठरलेल्या पातळीला पंप थांबतो का आणि थांबल्यावर पातळी परत चढते का, हे ओळीने पाहावे. थांबल्यावर व्हॉल्व्हपर्यंतचे थोडे पाणी परत येणारच. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर चढत असेल तर व्हॉल्व्हमध्ये खडा अडकला आहे. मग मुख्य वीज बंद करून तेच सगळे बॅटरीवर करावे. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर दर तीन महिन्यांनी एवढे पुरते. खड्ड्यात हात घालण्याआधी प्लग काढलेला असलाच पाहिजे.

हे सगळे करूनही तळघर भरलेच, तर दोन गोष्टी कृपया ध्यानात ठेवाव्यात. पाणी सॉकेटपर्यंत पोहोचले असेल तर वीज बाहेरून तोडल्याची खात्री होईपर्यंत कुणीही पाण्यात पाय घालू नये. मुख्य स्विच तळघरातच असेल तर तो बंद करायलाही उतरू नये. वीज कंपनीला कळवावे. दुसरे म्हणजे पाऊस थांबताच मोठा पंप आणून तळघर एका दमात कोरडे करू नये. भोवतालच्या मातीत पाण्याची पातळी फरशीपेक्षा एक मीटर वर असेल तर फरशीच्या प्रत्येक चौरस मीटरला खालून सुमारे एक टन दाब बसतो. १२.५ सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटचे स्वतःचे वजन तेवढ्या जागेत ३०० किलोच्या आसपास भरते. आतले पाणी तो दाब तोलून धरत असते. ते झटकन काढले की फरशी फुगून फुटते, भिंती आत ढकलल्या जातात. भिंतीवर खूण करून सुमारे ३० सेंटिमीटर पाणी उतरवावे आणि रात्रभर थांबावे. सकाळी पातळी पुन्हा वर आलेली दिसली तर जमीन अजून भरलेली आहे. आणखी एक दिवस जाऊ द्यावा आणि मगच पुढचे ३० सेंटिमीटर काढावे.

आपला,
एक वाचक