'घरच्यासारखी' म्हणता, मग रजेचं काय?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या मराठी कुटुंबांवरचा लेख वाचला, छान होता, पण त्यात आफ्रिकेबद्दल जे लिहिलंय की तिथे कामाला माणसं सहज मिळतात आणि थोड्याच दिवसांत 'घरच्यासारखी' होऊन जातात, ते काही पचलं नाही म्हणून लिहितेय. मी नैरोबीत राहते, पार्कलँड्सला, नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो आणि आता मुलं इथल्याच शाळेत जातात.

घरच्यासारखी म्हणजे नक्की कशी, ते सांगा ना. आमच्याच ओळखीत अशी घरं आहेत जिथे मुलं सांभाळणाऱ्या बाईचं प्रत्येक गेट-टुगेदरला कौतुक होतं, वाढदिवसाच्या फोटोत तिला बोलावून उभं करतात, पण तिचा चहाचा कप वेगळा, सिंकखाली ठेवलेला. तो कप काही केनियाचा नाही हो, आपणच बॅगेत भरून आणलाय. आणि तिने रविवारी चर्चला जायचं म्हटलं की "अगं आज नेमके पाहुणे आहेत". घरच्या माणसाला सुट्टी कशाला लागते!

इथला 2007 चा एम्प्लॉयमेंट ॲक्ट घरकाम करणाऱ्यांनाही लागू आहे. आठवड्याला एक दिवस सुट्टी, वर्ष भरलं की कामाच्या 21 दिवसांची पगारी रजा, बाळंतपणाला तीन महिने पूर्ण पगारी. नवीन आलेल्यांना हे सांगितलं की आधी विश्वासच बसत नाही, मग लगेच "पण आम्ही तिला कपडे देतो, मुलांची जुनी पुस्तकं देतो". द्या की, कोण नको म्हणतंय, फक्त ते रजेच्या हिशोबात धरू नका.

आता मैत्रीचं. आमच्याकडे येणारी बाई पश्चिम केनियातल्या काकामेगाकडची. मी एकदा फुलके करत होते तर बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, एवढे कष्ट करून तेल नाही, थर नाही, पैसे वाचवताय का? इथली चपाती मैद्याची असते, तेल लावून गुंडाळी करून परत लाटतात, आणि ती सणाला किंवा पाहुणे आले की, रोजचं जेवण उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. तिने सरळ लाटणं काढून घेतलं आणि दाखवलं कसं करायचं ते. मुलं तेव्हापासून माझे फुलके खाताना तोंड वाकडं करतात, ते जाऊ दे. तिचा एक चामा आहे, चामा म्हणजे आपली भिशीच, ती त्याची खजिनदार आहे, सगळ्या बायका एम-पेसावर, म्हणजे मोबाईलवरून, पैसे पाठवतात आणि कुणी उशीर केला की ही फोनवर असा आवाज चढवते की माझी आईच आठवते. जानेवारीत शाळेची फी आली की ॲडव्हान्स मागते आणि पुढच्या पगारातून स्वतःच कापून घ्यायला सांगते. यावर आपले लोक म्हणतात, बघा, जवळीक केली की हात पसरतात. अहो, पगार ख्रिसमसच्या आधीच झालेला, त्यात गावी जायला बसचं भाडं वाढलेलं, जानेवारी इथे सगळ्यांनाच जड जातो.

पण याला मी मैत्री म्हणते ते वेगळ्याच कारणासाठी. तिच्या सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे बरीच माणसं जेवायला येणार होती, मी विचारलं येशील का, जास्तीचे पैसे देते, ती म्हणाली नाही, बहिणीकडे जायचंय. मी जेवण बाहेरून मागवलं आणि सोमवारी ती नेहमीसारखी आली, बास. जिला आपल्याला नाही म्हणताना नोकरीची भीती वाटते तिच्याशी आपली मैत्री आहे असं तुम्हाला वाटत असेल, तिला विचारून बघा. गेटवरचा आस्कारी, म्हणजे रखवालदार, माझ्या मुलाशी आर्सेनलच्या फुटबॉलवरून तावातावाने भांडतो, पण संध्याकाळी सहा ते सकाळी सहा उभं राहायचं की नाही हे त्याला कोण विचारतंय?

2017 मध्ये केनिया सरकारने इथल्या भारतीय वंशाच्या लोकांना देशाची 44वी जमात म्हणून मान्यता दिली, आपल्याकडे त्याचा फार अभिमान. पण आपल्यातले कितीजण एखाद्या केनियन माणसाच्या घरी जेवायला गेलेत?

पुढचा लेख कराल तेव्हा या बायकांशीही बोला, बहुतेकींना इंग्रजी येतं. आणि इथल्या मराठी मंडळींना एक विनंती, नवीन कुटुंब आलं की कढीपत्ता कुठे मिळतो, पोह्यांचं दुकान कुठलं याचा लांबलचक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतो ना, त्यातच लेखी करार, पगार आणि रजा यांच्या चार ओळी घाला. टाइप मी करून देते, तुम्ही फॉरवर्ड तेवढं करा.

आपली,
एक वाचक, नैरोबी